मदत हवी आहे: डीएनए मॉडेलच्या दोन खाचा सारख्याच येताहेत

बारावीच्या वर्गासाठी उलगडणारं मॉडेल करायचं आहे. प्रमाण 1 नॅनोमीटरला 5 सेंमी. म्हणजे व्यास 10 सेंमी, दोन बेस-जोड्यांमध्ये (शिडीच्या पायऱ्यांसारख्या ए-टी आणि जी-सी जोड्या) 1.7 सेंमी, प्रत्येक जोडी 36 अंशांनी उजवीकडे फिरलेली, 10 जोड्यांचा वेढा 17 सेंमी.

साखर-फॉस्फेटच्या दोन्ही कडा समोरासमोर, 180 अंशांवर लावल्या की दोन्ही खाचा (कडांमधल्या पन्हळी) 8.5 सेंमीच्या होतात. खरं तर मोठी 11 आणि लहान 6 हवी. कारण साखरा जोडीच्या एकाच बाजूला कललेल्या असतात. हिशेबाने कोन सुमारे 130 अंश येतो, पण मग जोडीची काडी मधल्या दांड्यापासून 2 सेंमी बाजूला सरकते. काडीऐवजी त्रिकोणी पट्टी वापरावी का? फोमशीट वाकते; हलकं पण ताठ काय मिळेल?

दुसरं, हायड्रोजन बंधांसाठी चुंबक: ए-टीला 2, जी-सीला 3. चुकीची जोडी चिकटूच नये यासाठी ध्रुवांची मांडणी कशी ठेवावी?

आणि 10 जोड्या उघडल्या की एक वेढ्याचा पीळ पुढे ढकलला जातो. टोपोआयसोमरेजचं (हा पीळ सोडवणाऱ्या विकराचं) काम दिसावं म्हणून खालचं टोक बेअरिंगवर ठेवू, की घट्ट बांधून पीळ साचू द्यावा?