गाळ कुणी काढायचा? पुरानंतरच्या सफाईचे तुमचे अनुभव सांगा

शाहूपुरीचा मामा
परवा संध्याकाळी भाचीचा बॉस्टनहून व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडं सकाळ. बाहेर गुडघाभर बर्फ आणि ही हातमोजे घालून दारापुढचा फूटपाथ मोकळा करत होती. म्हटलं, अगं तुमच्यात हे काम महापालिका करत नाही? म्हणाली, "मामा, रस्ता त्यांचा. फूटपाथ ज्याच्या घरापुढं, त्याचा. बर्फ थांबला की तीन तासांत 42 इंच रुंद वाट करायलाच लागते. रात्री थांबला तर उजाडल्यापासून तीन तास. नाहीतर दंड." काढलेला बर्फ परत रस्त्यावर टाकायला पण बंदी. तिची घरमालकीण म्हातारी आहे, म्हणून वरच्या मजल्यावरची भाडेकरू असून हीच खाली उतरते.

एवढ्यात मागनं पातं लावलेली मोठी गाडी गेली. रस्ता चकाचक झाला, पण हिनं तासभर राबून केलेल्या वाटेवर बर्फाचा बांध पडला. पोरगी फावडं धरून नुसती बघत उभी राहिली.

तिचं तोंड बघितलं आणि मला 2019 चा ऑगस्ट आठवला. आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 55 फुटांच्या वर गेलतं, धोक्याची पातळी 43. आमच्या गल्लीत गळ्याएवढं पाणी. ते उतरल्यावर मी आणि आई घरात आलो तर फरशी दिसत नव्हती. वीतभर गाळ, वर तेलाचा तवंग, त्यात कुणाचीतरी वही, एक चप्पल, मेलेला उंदीर. दोन दिवस घमेल्यानं काढून दारापुढं ढीग केला. तिसऱ्या दिवशी जेसीबी आला. त्यानं रस्ता साफ केला आणि आमचा ढीग, शेजारच्याचा ढीग, सगळं दाबून आमच्या गेटला लावलं. गेट उघडंना. ड्रायव्हरचा दोष म्हणत नाही, त्याला रस्ता मोकळा करायला सांगितलेलं, त्यानं केला. आई पायरीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "हा आता कुणाचा म्हणायचा?"

तेव्हापासनं तो प्रश्न डोक्यात आहे. उंबऱ्याच्या आतला माझा, रस्त्यावरचा महापालिकेचा. मधला ढीग कुणाचा, हे जूनच्या आधी ठरायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडं काय झालतं ते लिहा.

कुंभारगल्लीची सून
आमच्यात तर शाडू कुठला आणि गाळ कुठला तेच कळंना. गणपती 2 सप्टेंबरला, पूर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मूर्ती माळ्यावर चढवल्या होत्या, पाणी माळ्यावर आलं. शाडूच्या मूर्ती होत्या त्या जागेवर नुसते पाट राहिले, वर चिखलाचा गोळा. सासरे त्यातला हाताला लागंल तो शाडू वेगळा काढून ठेवत होते, म्हणाले धुवून वापरू. मामंजी, डिझेल लागलंय त्याला, म्हटलं तरी ऐकंनात.
बाकीचं नंतर लिहिते, कुकर झालाय.

पाचगावकर
आम्ही उंचावर, घरात पाणी नाही आलं. नळाला पण नाही आलं! उपसा केंद्रंच पाण्यात. टँकरच्या मागं कळशी घेऊन पळालेलं आठवतंय. गाळ धुवायला पाणी लागतं आणि पाणीच नाही, हे कुणी बोलत नाही बघा.

शाहूपुरीचा मामा
@पाचगावकर अगदी खरं. आम्ही साठलेल्या पुराच्या पाण्यानंच फरशी धुतली. दुसरं काय करणार.

सुभेदार_गडहिंग्लज (निवृत्त)
बर्फाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी दोन हिवाळे द्रासमध्ये काढले. झोजिला खिंड, उंची साडेअकरा हजार फूट. तिथं बर्फ कुणी काढायचा हा प्रश्न पडत नाही. सीमा सडक संघटना काढते. श्रीनगरच्या बाजूनं प्रोजेक्ट बीकन, लडाखच्या बाजूनं प्रोजेक्ट विजयक. दोन्हीकडनं मशिनी कापत येतात आणि मधे भेटतात. दोन्ही बाजूंच्या भिंती ट्रकच्या टपापेक्षा उंच. हद्द कागदावर ठरलेली असते, म्हणून माणूस न भांडता काम करतो.
आपल्या गल्लीला पण अशी हद्द पाहिजे. जय हिंद.

राधिका_नागाळापार्क
सुभेदारकाका, नमस्कार. माझे मामेसासरे पण मराठा लाइट इन्फंट्रीत होते, बेळगावला ट्रेनिंग. तुम्ही कुठल्या साली?

सुभेदार_गडहिंग्लज (निवृत्त)
1988 ची भरती. व्यक्तिगत निरोप करा ताई, धाग्याला फाटा फुटेल.

सिस्टर_सीपीआर_परिसर
ड्युटीवर आहे, थोडक्यात. गाळात अनवाणी उतरू नका. पायाला भेग असली तरी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) ताप येतो. उंदराचं मूत पाण्यात मिसळलेलं असतं. 2019 ला माझ्या ओळखीतल्या दोन तालमीच्या पोरांना ताप आला होता, दोघंही लोकांची घरं साफ करत फिरलेले. गमबूट नसतील तर उतरू नका, आणि गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. पोरांना कुणी विचारलं नव्हतं तुझ्या पायात काय आहे.

लक्षतीर्थची_लेक
हा धागा सकाळपासनं तीनदा उघडून बंद केला.

माझे बाबा सफाई कामगार. 2019 ला आमचं घर पाण्यात होतं, आम्ही शाळेतल्या निवाऱ्यात. पाणी उतरलं त्या दिवशी पहाटे पाचला बाबा कामावर गेले. दहा-बारा दिवस दुसऱ्यांच्या गल्ल्या काढत होते. आमच्या घरातला गाळ तसाच. वरनं ऊन पडलं आणि तो वाळला. ज्यानं काढलाय त्यालाच कळंल, ओला गाळ लोटता येतो, वाळला की भेगा पडून त्याची वीट होते. मी, आई आणि धाकटा भाऊ पहारीनं फोडत होतो. मी बारावीला. भाऊ विचारायचा, बाबा सगळ्यांचं काढतात, आपलं कधी काढणार?

रात्री बाबा आले की हात उघडायचे नाहीत, खोऱ्याचा दांडा धरून बोटं तशीच वाकलेली राहायची. आई कोमट पाण्यात मीठ टाकून एकेक बोट सरळ करायची. तेव्हा भाताचा घास आई भरवायची त्यांना.

महापालिकेनं काढावं असं सगळे म्हणतात, मी पण म्हणते. पण महापालिका म्हणजे त्या वेळी माझे बाबा असतात. माणसं जास्त लावा, पुरात घर गेलेल्या कामगाराला आधी दोन दिवस स्वतःच्या घराला द्या, एवढंच मागणं आहे.

कुंभारगल्लीची सून
ताई 🙏 आमच्या गल्लीत एक काका आले होते पिवळा रेनकोट घालून. चहा दिला तर कप धरता येत नव्हता, मीच धरला होता. तुमचेच बाबा असतील असं नाही, पण माझा नमस्कार सांगा त्यांना.

लक्षतीर्थची_लेक
सांगते. ते निवृत्त झालेत आता.

अॅडव्होकेट_ताराबाईपार्क
कायद्याचं बोलायचं तर 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिलेली आहेत, रस्त्यांची सफाई त्यात येते. 74 व्या घटनादुरुस्तीनंतर बाराव्या अनुसूचीतही स्वच्छता आणि घनकचरा नगरपालिकांकडेच आहे. त्यामुळे मामांच्या गेटपुढचा ढीग रस्त्यावर असेल तर तो उचलणं महापालिकेचंच काम. बॉस्टनसारखा नियम इथं करायला माझा विरोध राहील. तिथं बर्फ स्वच्छ असतो, इथं गटार घरात आलेलं असतं. सत्तरीच्या आजीनं तीन तासांत ते काढायचं, नाहीतर दंड? नको.

जोतिबा_डोंगर
पण वकीलसाहेब, सगळं त्यांच्यावर सोडलं तर आठ दिवस वास कोण घेणार. आमच्या पेठेत तालमीनं वाट बघितलीच नाही. पाणी गुडघ्याखाली आलं तसे आम्ही खराटे घेऊन उतरलो. उतरत्या पाण्याबरोबरच गाळ लोटायचा, ही आमच्या आजोबांची 2005 ची शिकवण. पाणी गेल्यावर दुप्पट कष्ट. सगळ्यांना सांगतोय, ही एक गोष्ट लक्षात ठेवा. आणि गटाराच्या चेंबरमध्ये लोटू नका!! पुढच्या पावसाला तेच पाणी परत घरात.

आजी_टोरांटो_ते_राजारामपुरी
मी थोरल्याकडं टोरांटोला दोन हिवाळे राहिले. तिथं आता फूटपाथसुद्धा शहरच साफ करतं, छोटं मशिन येतं पहाटे. काठी टेकत मी मंदिरापर्यंत जाऊन यायचे. बॉस्टनची थंडी तीच, नियम वेगळा. म्हणजे ठरवलं तर होतं. हात दुखतायत टाइप करून.

विजू_सुतारकाम
पुरात फुगलेले दरवाजे लगेच तासू नका. महिना-दीड महिना सावलीत वाळू द्या, निम्मे आपोआप बसतात. 2021 ला लोकांनी घाईनं तासले आणि उन्हाळ्यात फटी पडल्या. प्लायवूड गेलं ते गेलं.

राधिका_नागाळापार्क
@विजू आमचं देवघर शिसवी आहे, अजून पांढरे डाग जात नाहीत. 2021 लाच बुडालं होतं, तेव्हा तर 56 फूट झालं.

विजू_सुतारकाम
फोटो टाका ताई, पॉलिश काढून बघायला लागंल.

शाहूपुरीचा मामा
सगळ्यांचं वाचलं. @लक्षतीर्थची_लेक, तुझं आईला वाचून दाखवलं. बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली तिच्या बाबांना एकदा जेवायला बोलव.
वकीलसाहेब, तुमचं पटलं, दंड नको. मी आमच्या गल्लीपुरता कागद करतोय: ढीग कुठल्या कोपऱ्यावर करायचा म्हणजे डंपर लागंल, कुठल्या घरात एकटी माणसं आहेत, चेंबर कुठं आहेत. मे महिन्यात वॉर्ड ऑफिसात नेऊन देणार. गमबूट सहा जोड लागतील, सिस्टर, मापं सांगतो.

जोतिबा_डोंगर
मामा, आमच्या तालमीत अकरा खोरी आहेत, चारांचे दांडे गेलेत. विजूभाऊ, बाभळीचे दांडे मिळतील का?

विजू_सुतारकाम
मिळतील. रविवारी खोरी घेऊन या, खोऱ्याच्या डोळ्याचं, म्हणजे दांड्याच्या भोकाचं माप बघून बसवतो.