टाइमझोन आणि डीएसटीमुळे झालेले घोळ: तुमचे अनुभव लिहा

डीएसटी म्हणजे डेलाइट सेव्हिंग टाइम, उन्हाळ्यापुरती घड्याळं पुढे करणं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात आणि युरोपात शेवटच्या. २००७ पासून हे असंच चाललंय. २०२५ मध्ये ९ मार्च आणि ३० मार्च, म्हणजे मधले तीन आठवडे न्यूयॉर्क-लंडन फरक पाचाऐवजी चार तासांचा. माझ्या दोन मीटिंग्ज रोजच्या ठरलेल्या, लंडनवाल्यांची त्यांच्या दुपारी दोनला, न्यूयॉर्कवाल्यांची त्यांच्या सकाळी दहाला. भारतातून बघितलं तर हिवाळ्यात संध्याकाळी साडेसात आणि साडेआठ. पण ९ मार्चनंतर दुसरीसुद्धा साडेसातलाच! कॅलेंडर अॅप चुकत नाही हो, मीटिंग लावणाऱ्याच्या शहराला ती चिकटलेली असते, आपण मात्र "आपली वेळ" धरून बसतो. तुमच्याकडे काय काय झालंय ते सविस्तर लिहा, सॉफ्टवेअरवाल्यांनी तर नक्कीच.

*

माझी ताई अमेरिकेत नर्स आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजले की परत एक वाजतो, म्हणजे त्या रात्री १:४० दोनदा येतात. पेशंटला पहिल्या १:४० ला औषध दिलं आणि तासाभराने परत तपासलं तर कॉम्प्युटरवर दोन्ही नोंदी एकाच वेळेच्या. आधीची कुठली हे नोंदीवरून कळतच नाही, म्हणून त्या तासाचं सगळं नर्सेस कागदावर लिहितात आणि "पहिला", "दुसरा" असं बाजूला टाकतात. दवाखान्याचं सॉफ्टवेअर इतकं महाग आणि एवढी साधी गोष्ट त्यात नसावी याचा मला खरंच राग येतो.

*

वरच्या प्रतिसादाला +१. आमच्या सपोर्ट चॅटच्या जुन्या डेटाबेसमध्ये स्थानिक वेळ सेव्ह व्हायची, त्यामुळे त्या रात्रीच्या संभाषणांत उत्तर आधी आणि प्रश्न नंतर दिसायचा. शिवाय युजरच्या प्रोफाइलमध्ये नुसतं "उणे पाच" (म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेच्या पाच तास मागे) लिहिलेलं, आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्क उणे चारवर असतं. शेवटी सगळ्या वेळा यूटीसीत नेल्या आणि प्रोफाइलमध्ये अमेरिका/न्यूयॉर्क असं झोनचं नाव ठेवलं. कुठल्या तारखेला किती फरक हे मग टाइमझोन डेटाबेस बघून घेतो, तो आयाना (इंटरनेटवरची नावं-क्रमांक सांभाळणारी संस्था) प्रसिद्ध करते आणि वर्षातून बहुधा अनेकदा अपडेट होतो.

*

यूटीसी हे घडून गेलेल्या गोष्टींसाठी ठीक, पुढच्या अपॉइंटमेंटसाठी पुरत नाही! मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागातलं डीएसटी रद्द केलं, अमेरिकेच्या सीमेलगतची काही शहरं सोडून. आमच्या तिकडच्या सहकाऱ्याचा जुना फोन एप्रिल २०२३ मध्ये तरीही आपणहून तासभर पुढे गेला, कारण त्यात नवा नियम पोचलाच नव्हता. आणि आमच्या सिस्टीममध्ये आधीच यूटीसीत बदलून ठेवलेल्या उन्हाळ्यातल्या सगळ्या अपॉइंटमेंट तासभर सरकल्या. माणसाने "सकाळी दहा" म्हटलंय ना, मग दहा आणि शहर हेच साठवा, यूटीसी नंतर काढा. सरकारं तर ऐनवेळीही बदलतात, लेबनॉनने मार्च २०२३ मध्ये शेवटच्या आठवड्यात डीएसटी पुढे ढकललं, काहींनी ते मानलं, काहींनी नाही, देशात एकाच क्षणी दोन वेगवेगळ्या वेळा चालू, आणि मग काही दिवसांत निर्णयच मागे घेतला.

*

भावाची जन्मतारीख १४, एका फॉर्ममध्ये अमेरिकेतून उघडली की १३ दिसायची. नुसत्या तारखेला यूटीसीची मध्यरात्र जोडलेली, आणि तेव्हा तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. जन्मतारखेला टाइमझोन लावूच नये.

*

"डीएसटी म्हणजे एक तास" असं कोडमध्ये लिहिणाऱ्यांना मी ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाऊ बेट दाखवते, तिथे अर्धाच तास सरकतो. नेपाळचा यूटीसीपासूनचा फरक पावणेसहा तासांचा. टेस्टिंगला या दोन जागा घेतल्या की लपलेले बरेच बग बाहेर येतात.

*

जुलैमधल्या एका अर्जाची मुदत "रात्री ११:५९ ईएसटी" अशी दिली होती. ईएसटी ही न्यूयॉर्ककडची हिवाळ्यातली वेळ, उन्हाळ्यात तिथे तासभर पुढची ईडीटी असते, शब्दशः ईएसटी धरलं तर एक तास जास्त मिळतो, आणि तिथली घड्याळं बघितली तर मिळत नाही. मी आधीच मेल करून विचारलं. त्यांनी "न्यूयॉर्कची वेळ" असं कळवलं आणि वेबसाइटवरही तसंच बदललं, त्यामुळे बाकीच्यांचाही प्रश्न सुटला.