अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी: एका छताखाली की वाटून?

बोल्टनट
शिकागोजवळच्या फर्मीलॅब या अमेरिकी प्रयोगशाळेच्या पिप-टू लिनॅकमध्ये (कणांना सरळ रेषेत वेग देणारं यंत्र) भारत, ब्रिटन, फ्रान्स, इटली, पोलंड असे बरेच भागीदार आहेत. एचबी६५० जातीची क्रायोमॉड्यूल (कणांना वेग देणारे, अतिथंड ठेवलेले यंत्राचे खंड) इंग्लंडमध्ये डेअर्सबरीला जोडायची, एलबी६५० जातीची फ्रान्समध्ये साक्लेला, बाकीची फर्मीलॅबमध्येच. मला ही वाटणी पटत नाही. सुटे भाग कुठेही बनवा, शेवटची जोडणी एकाच हॉलमध्ये व्हायला हवी.

हॅम्बुर्गचा युरोपियन एक्सएफईएल, म्हणजे लिनॅकवर चालणारा क्ष-किरण लेसर, पाहा. मॉड्यूलच्या आत बसणाऱ्या ८०० च्या आसपास निओबियम कॅव्हिटी (कणांना वेग देणाऱ्या धातूच्या पोकळ्या) जर्मनी आणि इटलीतल्या दोन कंपन्यांनी केल्या. चुंबक स्पेनने दिले. पण शंभराच्या वर मॉड्यूल जोडली ती फक्त साक्लेला, आठवड्याला एक या वेगाने.

कारण क्लीन रूममधलं काम हाताच्या सवयीचं असतं. फ्लँजचा (दोन नळ्या जोडणाऱ्या कड्याचा) बोल्ट सैल करण्याआधी त्यावर आयोनाइज्ड नायट्रोजनचा झोत मारायचा, शेजारच्या मीटरवर कणांची मोजणी खाली येईपर्यंत थांबायचं, मगच पाना लावायचा. प्रत्येक बोल्टला हेच. नंतर हवा काढायची तीही अगदी सावकाश, नाहीतर तळाची धूळ उडते. एखादा कण कॅव्हिटीत शिरला की तिथून इलेक्ट्रॉन सुटू लागतात आणि ती कॅव्हिटी पूर्ण क्षेत्रावर चालवता येत नाही. ही सवय ड्रॉइंगसोबत कुरियरने जात नाही.

इंदूरवाला
असहमत. एका छताखाली म्हणजे कुणाच्या? छप्पर दर वेळी त्यांचंच असतं, आपण सुटे भाग पुरवणारे. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या एलएचसी या वर्तुळाकार अ‍ॅक्सिलरेटरला भारताने चुंबकांखालचे ७००० च्या आसपास जॅक दिले. ३० टनांच्या वरचा चुंबक त्यांच्यावर केसाएवढ्या फरकाने सरकवता येतो. अभिमान आहेच. पण जॅक देऊन क्रायोमॉड्यूल जोडता येत नाही. उद्या देशात मोठा सुपरकंडक्टिंग (अतिथंडीत विजेला विरोध न करणारा) लिनॅक उभारायचा झाला तर ती सवय कुठून आणणार?

शिवाय एलएचसीचे १२३२ द्विध्रुव (कणांची वाट वळवणारे चुंबक) तीन देशांतल्या तीन कंपन्यांनी केले. सर्नने सुपरकंडक्टिंग केबल स्वतः घेऊन तिघांना वाटली. वाटून काम होतं, साहेब.

बोल्टनट
अर्धंच सांगितलंत. कंपन्यांकडून यायचा तो कोल्ड मास, म्हणजे चुंबकाचा आतला गाभा. क्रायोस्टॅट या थंडी राखणाऱ्या टाकीत तो घालणं आणि थंड करून चाचणी, दोन्ही सर्नमध्येच. भारतीय इंजिनीअर त्या चाचण्यांना बसलेत ते तिथेच जाऊन.

इंदूरवाला
म्हणजे शिकायला परदेशी जा, आणि परत येऊन पुन्हा जॅक बनवा! असो.

गॅस्केट
दोघेही हॉलवरून भांडताय, घोटाळा मात्र रस्त्यात होतो. कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस-टू या क्ष-किरण लेसरची मॉड्यूल एकाच डिझाइनवर फर्मीलॅब आणि अमेरिकेतल्याच जेफरसन लॅबने निम्मीनिम्मी जोडली. दोन हॉल, काही बिघडलं नाही. २०१८ मध्ये फर्मीलॅबहून कॅलिफोर्नियाला ट्रकने निघालेल्या मॉड्यूलमध्ये मात्र कपलरचे (कॅव्हिटीत वीजलहरी नेणाऱ्या नळीचे) बेलोज, म्हणजे घड्यांचा लवचीक भाग, कंप सोसून सोसून तडकले, बीमलाइनचा, म्हणजे कणांच्या वाटेचा, निर्वात गेला. क्लीन रूममधली सगळी मेहनत पाण्यात. पुढे शिपिंग फ्रेमच्या स्प्रिंग बदलल्या, बेलोजला आधार दिला, मग उरलेली नीट पोचली. म्हणूनच पिप-टूवाल्यांनी एक नमुना मॉड्यूल अमेरिकेहून इंग्लंडला नेऊन परत आणलं, प्रवास सोसतं का एवढंच पाहायला.

बोल्टनट
हे माझ्याच बाजूचं झालं. जितके हॉल, तितके प्रवास.

गॅस्केट
कसं काय? साक्लेची मॉड्यूलही हॅम्बुर्गला ट्रकनेच गेली. एक हॉल असला तरी बोगदा वेगळ्या गावात असतोच.

जुना क्यूसी
मला दोन्ही बाजू वरवरच्या वाटतात. २७ मार्च २००७ ला एलएचसीच्या बोगद्यात एक ट्रिपलेट, म्हणजे कणांचा झोत बारीक करणारा चुंबकसंच, दाबचाचणीत मोडला. फर्मीलॅबने बांधलेला, काही चुंबक जपानच्या केईके प्रयोगशाळेचे. २० बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे वीसपट) आसपास आतले आधार तुटले. दाब आला की चुंबकावर अक्षाच्या दिशेने जोर येतो, तो डिझाइनच्या हिशेबात धरलाच नव्हता. रिव्ह्यू एकामागून एक झाले होते, सगळ्यांनी सही केली होती. यात हॉल एक की चार याचा काय संबंध? ज्याचं मॉड्यूल त्याने ते एकट्याने तपासायचं आणि शेजारी जोडल्यावर काय होतं ते कुणीच बघायचं नाही, ही खरी खोट. माझं ऐकाल तर नियोजनाच्या पहिल्याच महिन्यात प्रत्येक जोडाला एक मालक नेमा. फ्लँजच्या दोन्ही बाजूंची जबाबदारी एकाच माणसाची, मग तो कुठल्याही देशाचा असो.

इंदूरवाला
+१. आणि तो मालक भारतीय असायला हरकत नसावी, एवढंच म्हणतो.

बोल्टनट
मालकीला हरकत नाही. पण पहिलं मॉड्यूल नवख्या हॉलमध्ये नको. तुमची टीम पहिल्या दोन जोडण्यांना साक्लेत किंवा शिकागोत पूर्ण वेळ उभी राहू दे, प्रेक्षक म्हणून नाही, हातात पाना घेऊन. तिसरं न्या इंदूरला, तुमच्या अ‍ॅक्सिलरेटर केंद्रात.

इंदूरवाला
तिसरं लिहून देणार का? करारात?