मोर्च्यात हात न उचलता: तुमचे अनुभव लिहा

रास्ता रोको, ठिय्या, उपोषण, कशात ना कशात विदर्भातल्या गावोगावची ख्रिस्ती माणसंही बसतात. तिथं प्रभूची शिकवण कशी सांभाळली, कुठं जड गेली, ते सांगा. प्रवचन नको.

यवतमाळ, शेतकरी:
कृषिपंपाला रात्रीची वीज. ओलिताला गेलं की सापाची धास्ती. रब्बीत गावानं वीज उपकेंद्राच्या फाटकात ठिय्या दिला. पोरांनी टायर आणले होते. पाळकसाहेबांनी जाळू दिले नाहीत, मग त्यावर म्हातारे बसले. आत ऑपरेटर सकाळपासून अडकलेला. त्याला आमच्याच शिदोरीतली भाकर अन् ठेचा दिला. ‘शत्रूंवर प्रीती करा’ हे मत्तय ५ मधलं वचन रविवारी सोपं वाटतं. एरवी फोनही न उचलणाऱ्याला भाकर देताना हात जड होतो. एका साहेबानं माझी कॉलर धरली, तेव्हा मी हात मागं बांधले. खरी ताकद लागली ती धावून येणाऱ्या पुतण्याला खाली बसवायला. वीज अजून रात्रीचीच आहे.

वर्धा, बचत गटातली बाई:
आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी हाय, अन् नाल्याकाठी भट्ट्या चालूच. आम्ही बायांनी मोहाच्या सडव्याचे पिपे उलथवले. प्रभूनंही मंदिरात सराफांचे चौरंग उलथवलेच ना? पण कोणाले हात लावायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. भट्टीवाल्याची बायको म्हणे, “माह्या लेकरायनं आता काय खावं?” याले उत्तर नव्हतं. तिले गटात घ्या म्हटलं, तर आमच्यातल्याच काहीजणी रुसल्या.

चंद्रपूर, निवृत्त शिक्षक:
ताई, दाखला पुरता पटला नाही. त्याच प्रभूनं अटकेच्या वेळी पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली. आपल्याला राग काढायचा असला की चौरंगच आठवतात.
“तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला मोर्च्याचं काय?” असं मलाही ऐकवतात. त्यांना मी जे. सी. कुमारप्पा सांगतो. ख्रिस्ती माणूस, वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम केलं, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले अन् तिथं येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं.
अमेरिकेत बर्मिंगहॅमला १९६३ साली मार्टिन लूथर किंग यांच्या चळवळीत येणाऱ्यांकडून दहा कलमांच्या प्रतिज्ञेवर सही घेत. पहिलं कलम, येशूच्या शिकवणीचं रोज मनन. शिव्या-धक्के सोसायचा सरावही घेत. आपण थेट घोषणांनाच लागतो.

अमरावती, तरुण:
सर, तो सराव कसा घ्यायचा, सविस्तर लिहा. पोळ्यानंतर पीकविम्यासाठी आमचा तहसीलवर मोर्चा आहे. शिव्या देणारे आमच्याकडं भरपूर आहेत, खाणारे तयार करायचे आहेत.