पंचवीस हजारांत रंगीत तेजोमेघ दाखवणारी दुर्बीण कोणती घ्यावी?

घोडबंदर_चौदावा_मजला:
नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे आणि छायाचित्रांत दिसतो तसा मृग नक्षत्रातला गुलाबी तेजोमेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा तिने हट्ट धरला आहे. पाऊस संपल्यावर आम्ही वांगणीला आकाशदर्शनासाठी गेलो होतो. तिथे आठ इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका पाहून तिने "फळा नीट पुसला नाही की असंच दिसतं" असा शेरा मारला. आमची बाल्कनी पूर्वेकडे उघडते आणि समोर भिवंडीकडचे दिवे असतात. खर्चाची मर्यादा २५,००० रुपये आहे. रंग दिसतील अशी दुर्बीण कृपया सुचवावी.

खारघर_डॉब:
बारा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, बारा इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण) घ्या आणि मोकळे व्हा. मी आधी सहा इंची घेतली, वर्षभर पस्तावलो, ती विकली आणि मग बारा इंची घेतली. माळशेजला नेल्यावर तिच्यातून मृगातला तेजोमेघ स्पष्ट हिरवट दिसला आणि एका अत्यंत स्वच्छ रात्री त्याच्या कडांना विटकरी छटाही जाणवली. ती उचलायला दोघे लागतात, एवढीच काय ती अडचण. पैशांचे नंतर बघता येते.

दिवा_स्लो_लोकल:
वर सांगितले आहे तेच सांगतो, बारा इंची घ्या. आरसा जितका मोठा तितका तेजोमेघ उजळ होतो आणि रंग आपोआप दिसतात.

नौपाड्याचे_मास्तर:
ही समजूत दुरुस्त करणे आवश्यक आहे. आरसा कितीही मोठा असला तरी पसरट वस्तूचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्यांना दिसतो त्याहून अधिक उजळ होत नाही. तेवढ्याच उजेडात ती वस्तू मोठी होऊन दिसते आणि डोळ्याला तिच्यातले बारकावे टिपता येतात. मुळात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना भरपूर प्रकाश लागतो, तर मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाहीत. त्यातही छायाचित्रात खुलणारा गुलाबी-लाल रंग मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा असतो आणि दंडपेशींना तो जवळजवळ दिसतच नाही. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ५०१ नॅनोमीटरची रेषा मात्र अंधाराला सरावलेल्या डोळ्याला सर्वांत चांगले दिसते तिथेच पडते, म्हणून मोठ्या दुर्बिणीतून रंग दिसलाच तर तो हिरवट दिसतो. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या एका बिंबाभ्रिकेच्या (मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूच्या कवचाच्या) वर्णपटात ही रेषा पाहिली. ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे "नेब्युलियम" नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. तो ऑक्सिजनच आहे हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले.

नेरुळची_निशाचर:
मास्तर, माहिती उत्तम आहे, पण दुर्बीण घेतल्यानंतर काय होते तेही कोणीतरी सांगायला हवे. खाडीजवळच्या आमच्या घरात मी ती कपाटात ठेवली आणि एका पावसाळ्यात दोन्ही नेत्रिकांवर (डोळा लावायच्या भिंगांवर) कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. विक्रेत्याने "वॉरंटीत बसत नाही" असे सांगून हात वर केले. आता सगळे सामान झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह असते. माझे मत विचाराल तर १०×५० ची (दहापट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री घ्या.

ऐरोली_पिक्सेल:
रंगच हवे असतील तर स्वतःच छायाचित्र काढणारी स्मार्ट दुर्बीण घ्या. ती मर्यादेच्या दुपटीहून जास्त महाग पडेल, पण माझ्या गच्चीवर पंधरा मिनिटांत मोबाइलच्या पडद्यावर मृगातला तेजोमेघ गुलाबी दिसतो.

नौपाड्याचे_मास्तर:
मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे, हे आपण वाचलेले दिसत नाही.

खारघर_डॉब:
अर्धा तास अंधारात थांबून तिरक्या नजरेने, म्हणजे वस्तूच्या किंचित बाजूला, पाहायला शिका, मग सगळे दिसते.

नौपाड्याचे_मास्तर:
मंद दीर्घिकेसाठी तिरकी नजर योग्यच आहे. रंगासाठी तिचा उपयोग नाही. शंकुपेशी नेत्रपटलाच्या मध्यभागी दाटलेल्या असतात, त्यामुळे रंग पाहताना वस्तूवर सरळ नजर रोखावी लागते. शिवाय वस्तू लहान पण प्रखर निवडावी. देवयानीतला "निळा हिमगोळा", म्हणजे एनजीसी ७६६२ ही बिंबाभ्रिका, आठ इंची दुर्बिणीतून शहराच्या आकाशातही निळसर ठिपक्यासारखा दिसतो. लहान दुर्बीण असल्यास जोडतारे पाहावेत. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ सोनेरी आणि निळा आहे, पण या दिवसांत तो संध्याकाळी पश्चिमेकडे कललेला असल्यामुळे तुमच्या बाल्कनीतून मिळणार नाही. देवयानीतला अल्माक पूर्वेला मिळेल.

दिवा_स्लो_लोकल:
म्हणजे शेवटी आठ इंची तरी घ्यावीच लागेल. मी बारा म्हणालो होतो.

घोडबंदर_चौदावा_मजला:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्याच सोसायटीत एका गृहस्थांकडे ७० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण धूळ खात पडली होती. ती काल पाहण्यासाठी घरी आणली. ट्रायपॉड इतका डुगडुगतो की फोकसरला हात लावला की तारा दृष्टिक्षेत्राबाहेर उडी मारतो, म्हणून त्याच्या खाली पाच किलो तांदळाची पिशवी टांगली. रात्री साडेनऊला मास्तरांनी सांगितलेला अल्माक सापडला. मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली आणि मग म्हणाली, "बाबा, संत्र्याच्या गोळीला निळी टाचणी चिकटली आहे." ती दुर्बीण आज सहा हजारांना घेतली. गुलाबी तेजोमेघ दिसणार नाही हे तिला सांगितले आहे, पण तिचा त्यावर विश्वास बसलेला नाही. डिसेंबरात मृग वर आला की ती स्वतः तपासणार आहे.

खारघर_डॉब:
सत्तर मिलिमीटर घेऊन पस्तावाल. सहा महिन्यांनी विकायला काढलीत तर मला कळवा. माझ्या पुतण्याला हवी आहे.