मदत हवी आहे: मारुती ८००चं इंजिन खोललंय, पिस्टनच्या नुसत्या रिंगा बदलू की सिलिंडर बोअर (आतून कापून मोठा) करू?
मंडळी, बाबांची कार्ब्युरेटरवाली जुनी ८०० आहे, विकायची अजिबात नाही. निळा धूर आणि ऑइल पिणं वाढलं म्हणून इंजिन उतरवून घरीच खोललंय. हेड, खालचा ऑइल चेंबर, पिस्टन बाहेर आले. बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर काढण्याआधीच पंचने खुणा केल्यात, कारण त्यांची अदलाबदल झाली तर क्रँकची वाट लागते.

अडलंय बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकावर. मूळ व्यास ६८.५ मिमी. तिसऱ्या सिलिंडरला वरती, रिंगा जिथे पोचत नाहीत तिथे, नखाला लागेल अशी कड आलीये. होनिंगच्या, म्हणजे आतून घासून मुद्दाम पाडलेल्या बारीक रेषा पार पुसल्यात. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला, तर रिंगेच्या दोन टोकांमधली गॅप वर जास्त, तळाशी कमी. या फरकाला ३.१४ने भागलं की व्यासातली झीज कळते, पण मला बोअर गेजचाच आकडा हवाय.

अशा बोअरला होनिंग आणि नव्या रिंगा पुरतील, की थेट बोअर करून ०.५० मिमी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा तेवढे मोठे) पिस्टन घालावेत? पिस्टन हातात आल्यावरच बोअर करतात ना? आणि पुण्यात मापं लिहून देणारा, घाई न करणारा बोअरिंगवाला कुणी सुचवाल का? नाना पेठेजवळ असेल तर फारच बरं, पार्टही तिथूनच घ्यायचेत.