अमिगा ५००चे चित्र एलसीडी मॉनिटरवर येत नाही

प्रश्न: माझ्या अमिगा ५०० संगणकाचा दिवा लागतो, फ्लॉपी ड्राइव्हची टकटकही ऐकू येते; मात्र तेवीस पिनांच्या व्हिडिओ पोर्टला व्हीजीए अ‍ॅडॅप्टर लावून एलसीडी मॉनिटर जोडला, की ‘आउट ऑफ रेंज’ एवढेच दिसते. दोष नेमका कशात असावा?

उत्तर १: टकटक येते, त्याअर्थी संगणक बहुधा शाबूत आहे. पाल (भारत-युरोपातील जुनी टीव्ही) पद्धतीचा अमिगा सुमारे १५.६ किलोहर्ट्झ आडव्या वारंवारतेने, म्हणजे सेकंदाला तितक्या हजार आडव्या रेषांनी, चित्र पाठवतो, तर व्हीजीए मॉनिटरला साधारण ३१.५ लागतात, आपला अ‍ॅडॅप्टर केवळ पिना जुळवतो, वारंवारता बदलत नाही. खात्रीसाठी मागचे कॉम्पोझिट (एकाच तारेतून चित्र देणारे) सॉकेट टीव्हीला जोडून पाहावे. तेथे चित्र कृष्णधवलच दिसेल, कारण या मॉडेलच्या त्या सॉकेटमधून रंग येतच नाहीत.

उत्तर २: सहमत. स्कॅन डबलर (ही आडवी वारंवारता दुप्पट करणारे उपकरण) बसवावा. आरजीबी स्कार्ट (लाल, हिरवा, निळा रंग वेगवेगळ्या तारांतून घेणारे सॉकेट) असलेला जुना टीव्ही मिळाला, तर माझ्या मते त्याहून उत्तम. मात्र कळकळीने सांगतो, अमिगाच्या तेवीस पिनांच्या पोर्टवर १२ व्होल्टही असतात, म्हणून संगणक चालू असताना केबल काढू-घालू नये. आतली चिप जळू शकते.

प्रश्नकर्ता: कॉम्पोझिटवर फ्लॉपी धरलेल्या हाताचे चित्र स्वच्छ उमटले. स्कॅन डबलर मागवतो. दोघांचेही मनःपूर्वक आभार.